यादीतलं सातवं नाव

तिथेच तर मला पहिल्यांदा खटकलं, हिलाल काका — त्या यादीत. चर्चच्या मंडळीचे वडील म्हणून तुम्ही दर रविवारी प्रार्थनेच्या विनंत्या वाचता ना, तशाच त्या दिवशीही वाचत होता — पाचवं भाईदास आबांचा गुडघा, सहावं हेमलताताईंचं बाळंतपण, आणि सातवी रूपा. म्हणजे दुखणंच की एक. मी मान खाली घालून बसले होते तरी दचकले. नुसतं नाव वाचून थांबलात का? नाही. 'ही मुलगी म्हणते, प्रार्थना करताना पलीकडे कुणीच नसतं' — हेही वाचलंत, माइकवर. मागे तानुबाईंनी च्च केलं, ते मला इथे पाठीत जाणवलं.

कोण आहे? — काही नाही, खालच्यांचा कुकर. बसा तुम्ही. त्या कॉटवर बसा, रूपाचीच आहे, ती खोली सोडून गेल्यापासून रिकामीच पडलीय.

आणि आज काय घेऊन आलात, तर बॅनर. 'घरी परत ये.' खाली तरुण संघाची आठ जणं, गिटार, केक, आणि तुम्हाला तिच्या नव्या खोलीचा पत्ता हवाय. दुरावलेल्या तरुणांपर्यंत पोहोचायचंय म्हणे. पोहोचायचं म्हणजे काय हो, काका? दोन वर्षं ती शेवटच्या बाकावर बसायची, तिचं गाव कुठलं सांगा बरं. पिंपळनेरच्या पुढे, ते मलाही माहितीय, पण कुठलं? — बघा. त्या यादीच्या आधी तीन रविवार आली नाही, तेव्हा कुणी विचारलं का, की बाई, डबा लावलायस का, परीक्षा कशी गेली? कुणी नाही. यादीत चढली तशी सगळ्यांना आठवली.

वर ती यादी ग्रुपवर टाकलीत. उपासना सुटायच्या आत तिच्या गावात पोचली. बाप म्हणतो, कॉलेज पुरे झालं — उद्या तिला न्यायला येतोय तो, शेवटचं वर्ष आहे तिचं, उद्या. आणि आई, बुधीबाई, मला फोन करून विचारते, 'मनी पोरनी देव सोडी दिधा का व माय?' काय सांगायचं मी, पोरीने देव सोडला की नाही? तुम्ही सांगा. तुम्ही वाचलंत ना.

पत्ता आहे माझ्याकडे. देणार नाही. अठरा दिवस ती माझाच फोन उचलत नाही, केक घेऊन आलेल्यांना दार उघडेल होय?

माझा का उचलत नाही — असं बघू नका. हो, प्रार्थनेसाठी तिच्या नावाची चिठ्ठी मीच दिली होती. पण वर 'गुप्त' लिहिलं होतं, दोनदा रेघ मारून, आणि तुम्ही म्हणालात, तुझ्या मनावर दुसऱ्यांचा किती भार आहे, बेटा. मला बरं वाटलं, काका. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं. लाज वाटते आता सांगायला — आणि तेवढंच नाही — गच्चीवर केस वाळवत बसलो होतो आम्ही, आणि ते वाक्य, पलीकडे कुणीच नसतं, ते आधी मी बोलले. मी. ती हळूच म्हणाली, मलाही वाटतं कधी कधी. एवढंच. मला माझ्यासाठी प्रार्थना हवी होती, पण माझं नाव नको होतं, म्हणून मी तिचं लिहिलं. तुम्ही माइकवर माझं पाप वाचलंत, काका, आणि शिक्षा तिला झाली.

बॅनर गुंडाळा. तिने एकदा फोन उचलला ना, तर सांगणार आहे, उद्या तुझ्या बापासमोर मी उभी राहते, हे सगळं मी सांगते. लावतेच आहे सकाळपासून. हे बघा — परत रिंग जातेय. नाही उचलणार. नाही उच— बोलू नका. गप्प बसा.

हॅलो? रूपा?

काका, उठा. जाताना दार ओढून घ्या.