तळ्याचा अर्धा नकाशा

सन्माननीय अध्यक्ष फादर अलोईज, सीमा विभागातून खास आलेले प्रमुख पाहुणे ग्विदोसाहेब, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या भूगोलाच्या लेओन्तिनाबाई, आणि धुरी दिलेल्या माशांचा वास घेत भाषणं संपायची वाट पाहणाऱ्या बंधुभगिनींनो,

मी गुरांचा डॉक्टर, गोड बोलायची सवय नाही. साहेबांनी आत्ताच बाईंना आपल्या लाटगाले प्रांताचा देखणा नकाशा भेट दिला. आम्ही आभारी आहोत. पण साहेब, त्यात आमचं तळं मध्येच संपलंय! पलीकडे नुसता कोरा कागद. तिकडचं पाणी काय आटलं?

बाईंची आजी त्या काठावर झारच्या राज्यात जन्मली, आई त्याच घरात पोलंडमध्ये, आणि बाई या काठावर सोव्हिएत संघात. तिघींपैकी कुणी तळं सोडलं नाही. सीमाच हिंडत राहिल्या. आता पलीकडे बेलारूस आहे, काठाला तारेचं कुंपण आहे, आणि बाईंच्या आईची कबर तिकडे, आईच्या माहेरी आहे.

ऑगस्टात आपला कबरींचा सण. कबरीभोवतीची वाळू दाताळ्याने विंचरायची आणि मागे मागे सरत निघायचं. पावलाचा एक ठसा उरता कामा नये. वाळू विस्कटलेली दिसली, तर लोक विचारतात, हिला मूलबाळ नव्हतं का?

बाईंनी मागितलं काय? सणापुरती एका तासाची परवानगी! तर साहेब, तुमच्या कचेरीतला एक तरणा अधिकारी म्हणाला, "आजी, कबर काय पळून चाललीय?"

बाई म्हणाल्या, "कबर नाही रे पळत, सीमा पळते. पुन्हा हलेपर्यंत मी असेन का?"

त्यावर तो हसला. अहो, हसला! त्या दिवसापासून माझं डोकं फिरलंय.

असो. फादर, वेळ दिलीत, आभार. जमलेल्या सगळ्यांचे आभार. तोंडून कमीजास्त गेलं असेल तर पदरात घ्या. एकच काम राहिलंय.

गावाने वर्गणीतून बाईंसाठी घड्याळ नाही आणलं. हे दाताळं आणलंय, नवं कोरं. ग्विदोसाहेब, जरा पुढे या. तुमच्याच हाताने बाईंना द्या. आणि ते कुठे चालवायचं, तेही तुम्हीच सांगा. हवं तर तुमच्या नकाशात बघून सांगा.

मासे थंड झाले तरी चालतील. आम्ही थांबतो.