काडेचिराईताचं पाणी

मी मूळचा गिरणेकाठचा, भडगावजवळच्या एका खेड्यातला. वडील दुसऱ्याच्या मळ्यात मोट हाकायचे अन् आम्ही चार भावंडं होतो, होतो म्हणजे मानमोडीच्या तापाची साथ आली तोवर होतो. पहिली मोठी लढाई संपत आली होती तेव्हाची गोष्ट, मी बारा वर्षांचा असेन. आधी माय गेली, मंग धाकटे दोघं, मंग वडील, नऊ दिवसांत बठ्ठं घर रिकामं झालं, मी अन् थोरली बहीण तेवढी उरलो. डॉक्टर लढाईवर गेले आहेत म्हणत, बसरा म्हणून कुठं गाव आहे तिथं. बसरा मला आजही माहीत नाही कुठं आहे ते, पण त्या वयात मला वाटायचं की आपलं बठ्ठं औषध तिकडे बैलगाड्यांत भरून नेलं असंल.

म्हणून मी कंपाउंडर झालो. काय सांगू तुम्हाला, पोरबुद्धी होती, पण पक्की होती. मराठी सातवी झालो, जळगावला एका डॉक्टरच्या हाताखाली खलबत्ता घासला, परीक्षा दिली, अन् सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात लोकल बोर्डाच्या दवाखान्यात लागलो. गावाचं नाव लिहू नका. डॉक्टरसाहेब होते, मी होतो, एक झाडूवाली होती. इथला ताप म्हणजे हिवाचा ताप, पाऊस उघडला की घरोघर माणसं गोधड्या पांघरून कुडकुडायची, अन् त्याला औषध एकच, कोयनेल.

पण लोक पीत नव्हते हो. कडू म्हणून थुंकायचे अन् भगताकडे जायचे. मंग मीच युक्ती काढली. ज्याला त्याला सांगायचो, कडू लागलं म्हणजे औषध खरं, गोड लागलं तर समजा कंपाउंडरनं फसवलं. पहिला डोस माझ्यासमोर प्यायला लावायचो, जीभ दाखव म्हणायचो, तोंड वाकडं केलं की शाबास म्हणायचो. लोक घरून बाटली आणायचे, मी तिच्यावर कागदाची दातेरी पट्टी चिकटवायचो, एक दात म्हणजे एक डोस. असं दहा-बारा वर्षं केलं तेव्हा कुठं लोकांचा विश्वास बसला. बाया एकमेकींना विचारायच्या, कडू शे ना, हो, मंग पी. माझी छाती फुगायची. भगत मला रस्त्यात बघून तोंड फिरवायचा, त्याचंही मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मंग दुसरी लढाई आली. डॉक्टरसाहेब फौजेत गेले, खाकी घालून निरोप घ्यायला आले, म्हणाले, तुम्ही आहात ना, चालवा. चालवलं. कोयनेल जावा बेटाकडून यायचं, ते जपाननं घेतलं अन् आमच्याकडं यायचं अर्ध्यावर आलं, मंग वरून कागद आला की साठा फौजेसाठी राखायचा आहे, जपून वापरा. आता तापानं फणफणलेल्या माणसाला जपून म्हणजे काय देणार? माणूस सहा कोस चालत आलाय, त्याला रिकामी बाटली देऊन परत पाठवला तर तो पुन्हा भगताकडं जाणार, माझी सगळी वर्षं पाण्यात. मी काडेचिराईत आणलं, उकळलं, त्याचं कडूझार पाणी काढलं, चव कोयनेलची पण गुण नाही, अन् कोयनेलच्या औषधात मिसळलं. आधी अर्धं मिसळलं. मंग चारातले तीन भाग. मंग एक दिवस नुसतंच. लोक प्यायचे, तोंड वाकडं करायचे अन् मला हात जोडायचे.

तुम्ही म्हणाल सांगायचं होतं. सांगायची वेळ आली होती, तेच तर सांगतो.

चावडीत लढाईच्या मदतीची सभा भरली. मामलेदार आले होते, खुर्च्या मांडल्या होत्या, बाया खांबाच्या पलीकडं बसल्या होत्या. आमचे हेडमास्तर म्हणजे बारीक चणीचा माणूस, टोपी हातात धरून उभे राहिले. म्हणाले, रावसाहेब, शाळेच्या दोन खोल्यांत भरतीचं सामान आहे, मुलं वडाखाली बसतात, दोन मास्तर कमी केले ते पुन्हा दिले नाहीत, दवाखान्याचा डॉक्टर लढाईवर, कोयनेल लढाईवर, मंग गावानं जगायचं कशावर? आम्ही अर्ज लिहिला आहे, गाव सह्या-अंगठे करणार आहे, निदान औषध तरी परत द्या. लोक माना डोलवायला लागले. तेवढ्यात सुकदेवचा बाप उठला. सुकदेव म्हणजे इथलाच पोरगा, भरती होऊन ब्रह्मदेशाकडं गेलेला. त्याचा बाप म्हणाला, मास्तर, मन्हा पोऱ्या तठे रानमा शे, त्याले ताप उना तं कोन शे त्याले? तेही खरंच होतं. मंग मामलेदार माझ्याकडं वळले, म्हणाले, उगाच वाद कशाला, कंपाउंडर इथंच आहे, काय हो, दवाखान्यात कोयनेल आहे की नाही?

बठ्ठी चावडी माझ्याकडं बघत होती. नाही म्हणावं तर नोकरी जाते, अन् नोकरीपेक्षा मला भीती दुसरीच होती, हे लोक विचारतील, मंग आम्ही चार महिने काय प्यालो? मी म्हणालो, आहे साहेब, रोज देतो.

तरी हेडमास्तर बसेनात. तेव्हा बायांतून आवाज आला. सुकदेवची बायको जमना, डोक्यावरचा पदर सावरत उभी राहिली, सासऱ्यासमोर कधी तोंड न उघडणारी. म्हणाली, शे ना औषध, भाऊ खोटं नही सांगस, मी कालच पिधं, भलतं कडू शे.

संपलं. अर्ज हेडमास्तरांच्या कोटाच्या खिशातच राहिला. घरी जाताना जमना माझ्याकडं बघून हसली, जशी बहीण भावाची बाजू घेऊन हसते तशी.

पंधरा दिवसांत तिचा ताप डोक्यात गेला. मी तिच्याकडं तीनदा गेलो. काय घेऊन गेलो असेन? रिकाम्या हातानं गेलो. जळगावला न्या म्हणालो, गाडी जोडेपर्यंत ती बरळायला लागली अन् वाटेतच गेली. मागं तीन वर्षांची मुलगी, कमळा. सासू रडत म्हणाली, भाऊ, एक डोस बी चुकाडा नही तिनं. ते वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

लढाई संपून सुकदेव आला तो हळदीसारखा पिवळा होऊन. घरच्यांना वाटलं कावीळ, त्याला कावीळ उतरवायला बसवलं. तो हसला, म्हणाला, फौजेतल्या तापाच्या गोळ्यांचा रंग आहे, आधी कोयनेल द्यायचे, मंग या पिवळ्या गोळ्या, रोज रांगेत उभं करायचे, न गिळणाऱ्याला शिक्षा. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला. एका हातात पत्र्याची डबी, त्यात तसल्याच गोळ्या, म्हणाला जमनासाठी मागूनमागून जमवल्या होत्या, तुम्ही कुणालाही द्या. दुसऱ्या हातात तिची बाटली होती, देवळीत राहिलेली. माझीच पट्टी तिच्यावर, शेवटचा एक दात शिल्लक होता. तो म्हणाला, चुकली नव्हती म्हणतात ना, मंग हा कसा राहिला? मी म्हणालो, त्या दिवशी तिला गिळता येत नव्हतं. त्यानं बूच काढलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं. मी टेबल धरून उभा होतो. वाटत होतं मारावं यानं मला, एकदा मारावं.

तो म्हणाला, भाऊ, हाई कोयनेल नही शे. मी मान खाली घातली. मंग त्यानं बूच घट्ट लावलं अन् म्हणाला, माले तीन वरीस रोज दिधं त्यासनी. तिन्हा वाटानं कोयनेल मी खाधं, भाऊ. बाटली टेबलावर ठेवली अन् गेला.

त्यानं गावात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी सुटलो असतो. दवाखान्यात बायांची रांग असली की मला अजून ते ऐकू येतं, शे ना, भलतं कडू शे, मी वर बघतो अन् तिथं दुसरीच कुणी असते. ती बाटली औषधांच्या कपाटात आहे, मी फेकू शकत नाही अन् बघूही शकत नाही.

अन् आता आपलं राज्य आलं. परवा त्याच चावडीत सभा झाली, खुर्च्याही त्याच. पुढारी तालुक्याहून आले होते. हेडमास्तर आता थकलेत, काठी टेकत उभे राहिले अन् तेच विचारलं, खोल्या, मास्तर, डॉक्टर, औषध. पुढारी चांगला माणूस वाटला, म्हणाला, सरहद्दीवर गडबड आहे, फौजेला आधी द्यावं लागेल, थोडी कळ काढा, अन् तुमच्याकडं दवाखाना तर चालू आहे ना? मी खांबाकडं बघितलं. सुकदेव तिथंच बसला होता, कमळाला मांडीवर घेऊन. मी उठलो. म्हणालो, साहेब, कोयनेल सोमवारीच संपलं. अन् लढाईतही नव्हतं. मी काडेचिराईताचं पाणी पाजत होतो, अन् याच जागी खोटं बोललो होतो.

कुणी ओरडलं नाही. हेडमास्तर खाली बसले अन् त्यांनी डोळे मिटून घेतले. सुकदेवचा म्हातारा बाप माझ्याकडं नुसता बघत राहिला, ते बघणं आता जन्मभराचं आहे. बाहेर पडताना सुकदेव माझ्या शेजारून चालला.

मला वाटलं दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कुणी येणार नाही. आले हो. कुठं जातील? डॉक्टर नाही अन् दुसरा दवाखाना नाही. कमळाला ताप होता, ती आजीसोबत आली. कोयनेल नव्हतंच, सुकदेवच्या डबीतल्या दोनच गोळ्या उरल्या होत्या त्यातली एक काढली. पोरीनं मला विचारलं, खरी शे का? मी ती फोडली, कण माझ्या जिभेवर ठेवला, तिला जीभ दाखवली, मंग उरलेली तिला दिली. आता प्रत्येकाच्या औषधाचं असंच करतो, आधी मी चाखतो. दिवसभरात जीभ बधीर होते, भाकरीसुद्धा कडू लागते, बायको कुरकुरते, मी म्हणतो असू दे.

लिहिलंत ना बठ्ठं? जमनाचं नाव बदलू नका. अन् घरी लेकरंबाळं असतील तुमची, त्यांना ताप न येवो, अन् आलाच तर त्यांना खरं औषध मिळो.