काकूच्या चुलीचा धूर

मी, वस्तीत सगळे ज्याला 'रंधा' म्हणतात तो, वय ४६ वर्षे, धंदा सुतारकाम, राहणार टेकडीखालची वस्ती, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मागच्या उन्हाळ्यातल्या वणव्यात आमची वस्ती जळाली. तेव्हापासून आम्ही सगळे मिळून एकेक घर उभे करत आहोत. घरांभोवतीचे वाळके गवत काढले आहे, पाण्याची टाकी बांधली आहे व टेकडीवर पाळीपाळीने पहारा असतो. धूर दिसला की आधी पत्रा बडवायचा, चौकशी मागाहून, असे सर्वांनी ठरवले आहे.

माझी धाकटी काकू एकटी राहते. वणवा आपल्याच चुलीच्या ठिणगीने लागला, असे तिने मनाला लावून घेतले होते. आग टेकडीपलीकडून आली हे सर्वांनी पाहिले होते व तिला सांगितलेही होते. ती ऐकून घेई, पण तिला पटत नसे. नव्या घरात आल्यापासून तिने एकदाही काडी ओढली नव्हती. जेवण शेजारून जाई. पूर्वी तिच्या हातच्या चहाशिवाय माझे काम सुरू होत नसे. त्याबद्दल मी तिच्याशी कधी बोललो नाही.

काल सकाळी पहारा माझा होता. काकूच्या छपरातून धूर निघताना दिसला. मी पत्रा बडवला व धावत सुटलो. बादल्या, ओली पोती घेऊन सगळी वस्ती जमली. दाराला आतून कडी होती. ते दार मीच बसवले होते, मीच फोडले. ते सहजासहजी तुटले नाही, हेही लिहून घ्यावे.

आत काकू चुलीपुढे बसली होती. चुलीवर चहाचे आधण होते. हे माझ्या ध्यानात येईपर्यंत मागच्यांनी बादल्या रिकाम्या केल्या होत्या. चूल विझली, काकू नखशिखांत भिजली. आता ही पुन्हा चूल पेटवणार नाही, असे वाटून मला रडू आले.

कडी का लावलीस, असे विचारता ती म्हणाली, "हात कापत होते रे. कोणी बघू नये म्हणून." मग बाहीने तोंड पुसून म्हणाली, "मेल्यांनो, पाणी आणलंत ढीगभर. आता कोरडं लाकूड कोण आणणार, तुमचा आजा?"

मी फुटक्या दाराच्या ढलप्या तिच्यापुढे ठेवल्या. त्यामुळे सदर दार मुद्देमाल म्हणून हजर करता येणार नाही. दोन काड्या तिच्या हातून पडल्या. तिसरी पेटली. चहा उकळेपर्यंत सगळे पुन्हा भरून आणलेल्या बादल्या घेऊन तिच्याभोवती उभे होते. चहा सर्वांना पुरला नाही.

जमाव दार फोडून म्हातारीच्या घरात घुसला, असा फोन दूधगाडीच्या चालकाने आपणास केला. त्याने भल्यासाठीच केला. त्याने येता-जाता चहा घेऊन जावा, असा काकूचा निरोप आहे. तिची कोणाविरुद्ध तक्रार नाही. नवे दार मी करून देत आहे.

आज मला सकाळी लवकर बोलावले होते. वाटेत टेकडीवर थांबलो. काकूच्या छपरातून धूर निघत होता. मी पत्रा बडवला नाही. बघत बसलो, म्हणून यायला उशीर झाला.

मी बोललो तसेच कागदावर उतरले आहे. हवालदारांनी वाचून दाखवले, मी ऐकले, सर्व खरे व बरोबर आहे.