जपानचे शिंगाडे

समारंभाचे अध्यक्ष माननीय भय्याजी, व्यासपीठावर बसलेले आपल्या शाळेचे मुख्याध्यापक आदरणीय दादाजी, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या केशरबाई, आणि धानाची मळणी अर्धी टाकून आलेल्या बंधुभगिनींनो,

चोवीस वर्षं, नेमकं सांगायचं तर चोवीस वर्षं दोन महिने, केशरबाईंनी हे वाचनालय उघडलं, झाडलं आणि रोजचे पेपर काठीला लावले. त्यांचं मानपत्र लिहायचा मान मंडळाने मला दिला. माझी शाळा सातवीतच सुटली. पण अक्षराला नावं ठेवणारा अजून भेटायचा आहे. ते मानपत्र अध्यक्षांसमोर आहे. त्यात एक वाक्य कमी आहे. ते का कमी आहे, हे सांगायला मी उभा आहे.

समोरच्या भिंतीवरचा डॉलर आणि येनचा आलेख आपण सगळे ओळखता. त्याच्यामुळेच पोरं मला ‘डॉलरमास्तर’ म्हणतात. मी खाणीत वजनकाट्यावर कारकून. आपलं मँगनीज रेल्वेच्या वाघिणींत भरून विशाखापट्टणमला जातं आणि तिथून जहाजाने जपानला. आपली माती घेणारे हे लोक तिचे पैसे कशात मोजत असतील? मला प्रश्न पडला. तुम्हाला कोणालाच कसा पडला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

१९४९ पासून एका डॉलरला तीनशे साठ येन. बावीस वर्षं ना एक कमी, ना एक जास्त. मग आला डिसेंबर १९७१. लढाई जिंकली होती, गावात पेढे वाटणं चाललं होतं, पेपरात दुसरं काही नव्हतं. त्याच आठवड्यात आतल्या पानावर चार ओळी आल्या : डॉलरला यापुढे तीनशे आठ येन.

मी रेघ खाली ओढली आणि याच खोलीत जाहीर केलं, “जपान बुडाला!”

खाणीत टोपल्या वाहणारा मंगरू इथं बसला होता. म्हणाला, “मंग आपली खाण बंद पडते का जी?”

“लक्षणं तरी तशीच दिसतात,” मी म्हणालो. किती ऐटीत म्हणालो असेन!

दुसऱ्या दिवशी सकाळी आलो, तर केशरबाई झाडत होत्या. म्हणाल्या, “धनीरामभाऊ, येक विचारू? मंगरू बिऱ्हाड बांधून राहिला, म्हणून विचारतो.”

“विचारा.”

“तळ्यावरची बाई मागच्या साली चार आण्याले छत्तीस शिंगाडे देत होती. औंदा एकतीस मोजते. तं शिंगाडा सस्ता झाला का म्हाग?”

“महाग.”

“मंग जपानचा पैसा सस्ता कसा झाला? डॉलरले तो बी कमीच भेटून राहिला ना?”

हिशोबाने एकतीस नव्हे, तीस पूर्णांक आठ दशांश हवेत. पण शिंगाडा कापून कोणी मोजत नाही. बाकी सगळं बरोबर होतं. चुकला होता वजनकाट्यावरचा माणूस. येन पडला नव्हता, चढला होता.

मी धावत जाऊन मंगरूला बसथांब्यावरून परत आणला. तक्ता नव्याने काढला, रेघ वर चढवली. इथपर्यंत ठीक. पण संध्याकाळी याच खोलीत मी म्हणालो, “रात्रभर आकडेमोड केली, तेव्हा माझ्या लक्षात आलं.” केशरबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कंदिलाची काच पुसायला निघून गेल्या.

पुढचं भिंतीवर आहे. १९७३ मध्ये दर मोकळा सुटला. १९७८ च्या दिवाळीत एकशे ऐंशीच्या आत आला, मग पुन्हा अडीचशेच्या वर जाऊन आला. १९८५ मध्ये डॉलर उतरवायला पाच देशांचे मंत्री बसले आणि आता, जानेवारी १९८८ संपताना, तो एकशे सत्तावीसच्या पुढेमागे आहे. या सगळ्या वर्षांत मी आलो, की पेपर नेमका दरांच्या पानावर उघडा असायचा. मला वाटे, माझ्या मानासाठी. परवा धीर करून विचारलं. तर म्हणाल्या, “तुमच्यासाठी कायले जी? मीच पाह्यत होती, जपानचे शिंगाडे किती झाले ते.”

काय म्हणता, केशरबाई? “आता कायले काढता ते?” बघा, मंडळी, सोळा वर्षांनीही मलाच सांभाळून घेतात.

भय्याजी, पेन माझ्या खिशात आहे. ‘वाचनालयाची झाडलोट निष्ठेने केली’ यापुढे मला एक ओळ लिहू द्या : ‘आणि भिंतीवरचा आलेख यांनी सरळ केला.’ आलेखाखाली माझं एकट्याचं नाव आहे, तिथेही आजच त्यांचं नाव वर येईल.

आपण शांतपणे ऐकलंत, मंडळाने बोलू दिलं, सर्वांचा ऋणी आहे. बोलताना एखादा आकडा इकडचा तिकडे झाला असेल, तर तो पोटात घालावा. पण ती एक चूक नजरचुकीने झालेली नव्हती. तिची माफी मी सभेकडे मागत नाही. केशरबाई, ती तुमच्याकडे मागतो.