परभणीचे बारके लोक

(पेडगाव. ओट्यावर नागनाथआबा, शेजारी नववीतली नात संघप्रिया, मांडीवर प्रकल्पाची वही.)

संघप्रिया : न येऊन कसं चालंल, आबा? बाईंना सांगून बसले मी! उद्या माझे आजोबा स्वतः वर्गात सांगणार, माझगावच्या गोदीत जहाजं कशी बांधायचे ते!

नागनाथ : वहीवर काय लिहिलंस, वाच बरं.

संघप्रिया : ‘जहाजं बांधणाऱ्यांची वस्ती. माहिती देणार : जहाज इंजिनिअर नागनाथ...’

नागनाथ : इंजिनिअर कोण गं?

संघप्रिया : तुमी! सारं गाव म्हणतं.

नागनाथ : गाव म्हणलं, मी हूं म्हणलो. चाळीस वर्सं. अगं माय, मी गंज खरवडायचो. बोटीच्या पोटात, टाकीत शिरून.

संघप्रिया : टाकीत? कुठून शिरायचे?

नागनाथ : एवढ्याशा भोकातून. बहात्तरच्या दुष्काळात गेलो आमी, नुसती हाडं. मुकादम खूश! म्हणायचा, परभणीचे आणा, बरोबर मावतेत.

संघप्रिया : आन् जाड झालं तर?

नागनाथ : काम गेलं. म्हणून तर खानावळीत चौथी भाकर कुणी मागत नव्हतं.

संघप्रिया : अन् नेटवर नुसते साहेब! कोणत्या साली कोणती बोट, सगळं हाय. तुमी राहायचे ती गल्ली कुठंच न्हाई.

नागनाथ : पाडली ती. टावर झालेत म्हणं.

संघप्रिया : मग तर तुमीच यायला पायजे!

नागनाथ : अन् वर्गात म्हणू, मी गंज काढायचो? पोरी हसतेल तुला.

संघप्रिया : मला? अख्ख्या शाळेपुढं भाषण विसरले, तरी थांबले न्हाई मी! हसू द्या. हे बघा, खोडलं ‘इंजिनिअर’. आता सांगा, बोट पाण्यात सोडली तवा तुमी कुठं उभे होते?

नागनाथ : उभा कुठला? दोन्ही पाळ्यांना एकदम सुट्टी दिली, झोपायला खोलीवर गेलो, तर पाय ठेवायला जागा न्हाई. एरवी एका गोधडीवर दोघं, एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. मी यायचो तवा गोधडी ऊन असायची, माणूस गेलेला. दोन वर्सं. त्या दिवशी पह्यल्यांदा तोंड पाहिलं त्याचं. लिंबाजी.

संघप्रिया : मग?

नागनाथ : मग काय. तू झोप, न्हाई तू झोप, करत दोघंबी बसून राह्यलो.

संघप्रिया : ...येता ना, आबा?

नागनाथ : येतो. पण आधी लिंबाजीचं नाव घाल, मग माझं. गोधडी त्याची व्हती.