कानपिळीचं उपरणं

नाई प्रेमदासभाऊ, आधी बसा, ऐकून घ्या, मंग मारा. तुमची माय तुमच्याशी काऊन बोलत नाई, ते मले ठाऊक आहे — मलेच ठाऊक आहे. या कॉम्प्युटरवर पाहा, मोबाईल दिसते न? खरा नोहे. नक्कल आहे मोबाईलची, क्लासच्या पोट्ट्याईले शिकवाले टाकली म्या, गेल्या दिवाळीत, दोन हजार नऊले. चालू व्हाले दहा मिनिटं घेते, पण सेलूत होती काय कोणापाशी? कोणापाशीच नाई. म्हणून मिरवत होतो. नंबर दाबला का फोन लागल्यावानी दाखवते, सेकंद बी मोजते — लागत कुठीच नाई.

तुमची माय, आनंदाबाई आल्या, चिठ्ठीवर तुमचा सुरतचा नंबर. "मास्तर, लावून द्या." समोर पोट्टे बसून होते, यातून लागत नाई म्हणाले जीभ रेटली नाई — दाबला. बाई स्क्रीनले तोंड लावून बोलाले लागल्या. तिकडून आवाज नाई. वाटलं, आता समजन त्याईले. तं म्हणे, "माहा प्रेमदास लहानपणापासून अबोल, ऐकते मात्र सारं." — आताही पाहा न, तुम्ही कुठी बोलून राह्यले?

मंग दर बाजाराच्या दिवशी येत. जेवला काय, खोकला गेला काय. एक दिवस म्हणे, "बापू, आपल्या हर्षाचं जमलं, पंधरा दिवसात लगन आहे, येजो." मी म्हटलं, बाई, पत्रिका बी टाका पोस्टात. तं हासल्या — "घरच्याले पत्रिका कोण देते, मास्तर?" तवा सांगाले पायजे होतं. नाई सांगतलं. खरा फोन तरी कराचा तुमाले, नंबर पाठ होता मले. नाई केला. काऊन? लाज वाटली भाऊ, दुसरं काय.

अन् मांडवात — हे सांगणार नवतो — कानपिळीले नवरीचा भाऊ पायजे, भटजी घाई करून राह्यला, बाईचा डोळा रस्त्याकडं. शेवटी म्हणे, "मास्तर, तुम्हीच उभे राहा, त्याचं-माहं बोलणं तुमच्याच इथून होते." राह्यलो उभा. तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा कान म्या पिळला, भाऊ. लोक हासले. मीबी हासलो.

हे उपरणं, नवरदेवाकडून भेटलेलं. घडी मोडली नाई. न्या, तुमचं आहे. अन् मायले — मायले तुम्हीच सांगा, माह्यानं होत नाई. जा आता. क्लासचे पोट्टे येतीन.