मेरेवरची खुर्ची

मी देवरूखच्या वरच्या अंगाचा, डोंगरातल्या वाडीतला. नाव भिकाजी, वाडी भिक्या बोलायची, आन आता साहेब बोलते, तितंच सगळा घोळ हाय बघा. बापाची जमीन म्हंजे डोंगर उतरतो तसे उतरत गेलेले भाताचे चार कुणगे, एकेक कुणगा अंगणाएवढा, बैलसुद्धा वळताना विचार करतो. आमच्याकडं लावणीला मजूर नसतो, आज सगळ्यांनी तुझ्या कुणग्यात उतरायचं, उद्या माझ्या, परवा तान्हीकाकीच्या. तान्हीकाकी आमची शेजारीण, पोरगे मुंबईला, म्हातारी एकटी. माझी बैलजोडी चांगली व्हती म्हणून मी सगळ्यांकडं. साऱ्या पंचक्रोशीचा चिखल माझ्या पायाला लागलाय.

म्हणून तर शिमग्याला पालखीजवळ मंडळी बसली आन बोलली, जिल्हा परिषदेला आपला माणूस पाठवायचा, भिक्याला, तो सगळ्यांच्या शेतात राबलाय. मी बोललो, मला भाषण येत नाय. बोलले, भाषण कोण मागतोय. आलो निवडून. काय सांगू तुमाला, पुढल्या लावणीला मी पँट दुमडून शेजाऱ्याच्या कुणग्यात उतरलो तर सगळे काम सोडून उभे. साहेब, तुमी चिखलात नको. मेरेवर, म्हंजे बांधावर, प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवलानी, वर छत्री धरलानी. लोक चिखलात आन मी खुर्चीवर, जल्ला मेला अवतार. आन एकेक जण भातरोपांच्या तरव्याची मूठ हातात घेऊनच विचारतो, साहेब, व्हाळ ओलांडायचा आमचा साकव, त्याचं काय झालं, साहेब पोराला लोट्याच्या कंपनीत चिकटवा. अरे बाबा, आधी मला खाली तरी येऊ दे.

बरं, माझी लावणी आली तर कोण नाय. बायको घरोघर फिरून आली. तिला बोलले, साहेब आमच्याकडं उतरले कुठं, ते खुर्चीवर व्हते, आता त्यांनी मजूर आणावेत. म्हंजे उतरू पण देयाचं नाय, आन उतरला नाय म्हणून यायाचं पण नाय. ह्याला काय बोलायचं तुमीच सांगा. बैठकीत मी इंजिनिअरशी भांडतो, ह्याच्यावर कुणाशी भांडू. त्या वर्षी निम्मे कुणगे पडीक गेले. मला लई लागलं ते.

औंदा ठरवलं, कोण येवो न येवो. मी आन बायको, दोघंच उतरलो. तर रस्त्यावरनं जाणाऱ्या कुणीतरी मोबाईलवर फोटो काढलान, आन दुपारपर्यंत सगळ्या ग्रुपवर, निवडणूक आली वाटतं, मेंबर चिखलात. कुणगा माझा, तरवा माझा, कंबर माझी मोडलेली, आन म्हणे नाटक. डोकं असं तापलं. बायको बोलली, तुमी घरात जावा, मी लावते. मी बोललो, घरात गेलो तर नाटक खरं ठरंल.

तेवढ्यात तान्हीकाकी इरलं डोक्यावर घेऊन मेरेवर उभी. मला वाटलं, झालं, आता ही पण साकवाचं काढणार. तर ती बघत राहिली, बघत राहिली आन बोलली, भिक्या, किती खोल रोवतोस रे, फुटवा कसा येल, एवढ्यात विसरलास सगळं? राग आला मला, आन डोळ्यात पाणी पण आलं, खोटं कशाला बोलू. कितीतरी दिवसांनी मला कोण भिक्या बोललं. ती पदर खोचून खाली उतरली, मी रोवलेलं उपटून परत लावायला लागली. उद्या माझ्याकडं यायचं, बोलली, खुर्ची मिळणार नाय.

आज दिवसभर तिच्याच कुणग्यात व्हतो, म्हणून तुमाला एवढा वेळ पडवीत बसवून ठेवलं. साकवाचं तिनं पण विचारलान, विचारल्याशिवाय सोडते काय, पण आजची लावणी झाल्यावर, व्हाळावर पाय धुताना. देव म्हातारीला उदंड आयुष्य देवो. उद्या परत बोलावलंय.